पाणी हातभर चढलं म्हणून

पासाउमधल्या चार रात्रींचे पैसे मी मोजून दिले.
रोझविथा त्सेलनर यांनी पावतीवर शिक्का मारला,
शिक्का पुसला, डबीत ठेवला, डबी खणात,
आणि म्हणाल्या, चला, आता दार दाखवते.

दार तर मी चार दिवस बघत होते.
त्यांना चौकट दाखवायची होती.
डावीकडे पेन्सिलच्या रेघा, मुलांच्या उंचीच्या:
आंटोन सात वर्षांचा, आंटोन नऊ,
मध्येच बिर्गिट, टाचा उचलून फसवलेली.
उजवीकडे नदी.
चोपन्न साली छातीपर्यंत. ही सासूबाईंनी चाकूने कोरली.
तेरा साली कपाळाच्या वर. ही माझी,
लिपस्टिकने, हाताशी तेवढंच होतं.
कुठल्याच मुलाची रेघ तिथवर पोचली नव्हती.
"नदी निदान उतरते," त्या म्हणाल्या,
"आंटोन वाढला तो लिंझला गेला.
रविवारी फोन करतो."

निघताना सवयीने तोंडातून गेलं, येते.
म्हणजे काय, त्यांनी विचारलं.
माझं जर्मन संध्याकाळच्या वर्गातलं, तीस वर्षं पेटीत पडलेलं;
त्यातून जमेल तसं सांगितलं,
आमच्याकडे जाणारी बाई म्हणते, मी येतेय.
त्यांनी गंभीरपणे मान हलवली,
वेळापत्रकातली छापील चूक कोणी दाखवावी तशी.
मग मिठी. मग दोघींच्याही नाकाला पाणी.
मग बॅगेची चाकं दगडी गल्लीतून
दात वाजवत उतरली ती थेट धक्क्यावर.

बोट पांढरी, लांबच लांब,
रात्री दोन वाजताच्या इस्पितळासारखी स्वच्छ.
प्लामेन नावाच्या मुलाने पासपोर्ट घेतला,
चिमट्याने गरम टॉवेल दिला, चावी दिली,
आपण रूसेचे आहोत हे न विचारता सांगितलं:
ही नदी माझ्या घरावरून जाते, बाई,
फक्त मी कधी उतरत नाही तिथे, ड्यूटी असते.

सहाला छतातून कप्तान बोलला.
वर डोंगरात पाऊस झालाय,
पाणी हातभर चढलंय,
पुलाखालून आपलं डोकं जाणार नाही.
आज मुक्काम इथेच.

एवढी रडारड करून निघाले,
आणि बोटीचाच पाय निघेना.

जेवताना एक डच गृहस्थ म्हणाले,
पैसे परत मिळायला हवेत,
आणि तिसऱ्यांदा सूप घेतलं.

माझी खोली सगळ्यात खालची. खिडकीला पाणी टेकलेलं,
बदकांचे नुसते पाय दिसत होते.
त्यांच्यावरून पलीकडे, मनोऱ्यापासून चौथं घर,
स्वयंपाकघरातला दिवा.
अकराला होता.
एकला होता.
तीनला मी उठले पाणी प्यायला, तर होता.

पहाटे त्या आल्या. रेनकोट, हातात दोरी,
दोरीला तो बुटका, लांबट कुत्रा.
माझ्यासाठी नव्हे, पायऱ्या मोजायला.
काल नऊ कोरड्या होत्या, आज सहा.
मी पडद्याआड सरकले.
निरोप घेऊन झाल्यावर दिसायचं म्हणजे
हात धुऊन पुन्हा पंगतीत बसायचं.

कुत्रा भुंकला. नेमका माझ्याच खिडकीकडे.

त्यांनी पाहिलं. हसल्या नाहीत.
तळहात आडवा केला, गुडघ्याशी धरला: एवढंच. घाबरू नका.
मी काचेमागून मान डोलावली,
जशी काही नदी मीच राखत होते.
मग वळताना त्यांचे ओठ हलले.
दुहेरी काच, आवाज काही आला नाही,
पण दोनच अक्षरं होती,
आणि दुसऱ्या अक्षरावर त्या अडखळल्या.

दुपारी दोनला पाणी वीतभर उतरलं.
प्लामेनने दोर सोडला, भिजून जड झालेला,
शिवी हासडली, बहुधा आपल्या भाषेत.
पुलाखालून जाताना वरच्या डेकवरचे सगळे वाकले,
गरज नसताना मीही.
मागे धक्क्यावर कोणी नव्हतं.
सातवी पायरी नुकतीच पाण्याबाहेर आली होती,
चकचकीत, कडेला थोडा चिखल.