आधी बूड

आधी बूड, आयलिव.
हसू नकोस, सगळं तिथूनच सुरू होतं.
चाळीस वर्षं ट्रॉलरच्या ओल्या फळीवर बसलास
म्हणून कंबर काही लोखंडाची झाली नाही.
सकाळी मोजे चढवताना
कुणाकुणाचा उद्धार करतोस
ते भिंतीपलीकडे ऐकू येतं.

ही घे. आत जुन्या गादीचा फोम,
वर फाटक्या तंबूचं कापड,
खाली दोन भोकं, पाणी निथळायला.
मांड्यांखाली जरा जाड ठेवलीय,
नाहीतर पायांना मुंग्या येतील,
आणि मुंग्या आलेला माणूस
फ्योर्डच्या मधोमध चुळबुळ करतो.
कयाकला चुळबुळ खपत नाही.
ती काही तुझी बायको नव्हे.

जाकिटाचे पट्टे मी ओढते. श्वास सोड.
शिट्टी इतक्या आखूड दोरीवर
की हात न लावता ओठांत यावी.
सुरी छातीवर, उजव्या हाताला.
डब्यातली सुरी मासा साफ करायची,
ही वेगळी.
वल्हं कयाकला बांधलेलं.
गळाची दोरी मात्र मनगटाला गुंडाळायची नाही,
गंमत म्हणूनसुद्धा नाही.

थर्मास. दोन पाव, तपकिरी चीज.
लोकरीचे कोरडे कपडे पिशवीत, हवा दाबून काढलेली.
फ्रिजवर चिठ्ठी:
हेस्टहोल्मेनच्या आतल्या बाजूला, दोनपर्यंत.
दोन म्हणजे दोन.
तुझे वडील नुसतं ‘येतो’ म्हणायचे.
तुझ्या आईनं तीन दिवस बटाटे गरम ठेवले होते.

आता दुसऱ्या अर्थानं:
बूड.

जुलै आहे, पाणी बारा अंशांवर, छातीइतकं खोल.
सुन्निवा धक्क्यावर पाय सोडून बसलीय,
आजोबा मुद्दाम पडणार
म्हणून अर्धा केक ताटात टाकून आलीय.
डावीकडे कल. काही धरू नकोस. पड.

पहिल्यांदा वर आलास तो शिव्या देत.
दुसऱ्यांदा टोपी गेली.
तिसऱ्यांदा कयाकवर चढायला गेलास
जणू ती साठ फुटी ट्रॉलर,
आणि तिनं तुला परत पाण्यात ठेवलं, अगदी सावकाश,
नको असलेलं सामान ठेवावं तसं.
अरे वर नाही, आडवा!
पाय मागे, पाण्याच्या पातळीवर, लाथा झाड,
आधी पोट,
मग वळ,
मग बूड, त्या उशीवर.

सहाव्यांदा जमलं.
सुन्निवानं दहापैकी नऊ दिले,
टोपीचा एक कापला.

हे सगळं तू कुठं शिकलीस, म्हणालास.
मी टॉवेल पिळत राहिले.
गेल्या वर्षी तू इस्पितळात पालथा पडलेला असताना
दर मंगळवारी शाळेमागच्या तळ्यात
मी पडत होते. माझे अकरा झाले.
तू बरा झालास की जाणार
हे डॉक्टरांच्या आधी मला ठाऊक होतं.

ऑक्टोबरातला शनिवार. आकाश शिशाचं.
एक वाजता मी बटाटे लावले,
मग गॅसची शेगडी बंद केली,
मग परत लावली.
चिठ्ठी दोनदा वाचली, तीच होती.

पावणेदोनला तू दारात.
कमरेपर्यंत कोरडा, गळ नाही, मासा नाही.
‘हॅलिबट असावा,’ म्हणालास,
‘माझ्याहून जड. हेस्टहोल्मेनच्या बाहेर ओढायला लागला,
जिथं लाटा उभ्या राहतात.
कापली.’

आयुष्यात तू मला सांगितलेल्या माशांपैकी
हा सगळ्यांत मोठा,
आणि पहिल्यांदाच मी मापं विचारली नाहीत.

मोजे काढायला वाकलास,
या खेपेला कुणाचाही उद्धार न करता.
म्हणालास, उशी डावीकडे जरा खचलीय.

बघते, म्हटलं.
आधी जेव.