खोकला

नारिनच्या वर, डोंगरात आमची शाळा.
खिंड बर्फाने बुजली. बाई मदत आणायला गेल्या,
जाताना म्हणाल्या, जेवणाआधी हात धुवा.
चार दिवस धुतले.

पाचव्या रात्री दाराशी काहीतरी खरवडलं.
जूमार्त म्हणाला, लांडगा.
मग खिडकी वाजली तरी लांडगा,
कुणाच्या पोटात गुरगुरलं तरी.

सालामात खोकायचा. सात वर्षांचा,
उशीत तोंड खुपसून, जमेल तितकं हळू.
ऐझिरेक म्हणाली, ह्याच्या खोकल्यानेच
लांडग्याला कळतं आपण कुठे आहोत ते.

कुणी ओरडलं नाही. शिकवल्याप्रमाणे
हात वर करून ठरवलं.
मी मॉनिटर. मीच मोजले, फळ्यावर लिहिले:
सतरा. आणि एक.
तो एक बेक्तूरचा. थोड्या वेळाने
तोही म्हणाला, पुसून टाक माझा.
मी पुसला नाही, खडू संपत आला होता.
सालामात झोपलेलाच होता.

कोळशाच्या खोलीला कडी बाहेरून.
खोकला ऐकू येत राहिला,
तेव्हा आम्ही गाणी म्हणू लागलो
मोठ्याने, एका सुरात, एकही शब्द न चुकता.

बाई परतल्या. आम्ही रांगेत उभे,
नखं बर्फाने घासून.
त्या फळ्याकडे बघत राहिल्या.
हे कसलं गणित?