पोटखराबा

सातबाऱ्यावर लिहिलंय : पोटखराबा, बाहत्तर आर.
कुणाच्या पोटात काय खराब,
हे तलाठी सांगत नाही.

वाटणीत भागवतनं विहिरीकडची काळी घेतली.
मला हे सिन्नरच्या अंगाचं टेकाड :
मुरूम, वेडी बाभूळ,
आणि खाली दिसणारा समृद्धीचा रस्ता,
ज्याच्यामुळे दर आठवड्याला एक माणूस येतो,
पांढरी गाडी बांधाला लावतो
आणि "ताई, याचे प्लॉट पाडले तर..." म्हणून
वाक्य माझ्याकडे पूर्ण करायला देतो.

पहिल्या वर्षी नुसतं उपटलं.
वेडी बाभूळ मुळासकट.
घाणेरी, जिचा वास चार दिवस भाकरीला येतो.
गाजरगवत, फुलायच्या आत.
काय पेरणार, गावानं विचारलं.
काही नाही, मी म्हटलं.
हे उत्तर गावाला दोन महिने पुरलं.

मग नाशिकहून एक मंडळ आलं,
टोप्या, फलक, गुलमोहराची दोनशे रोपं.
चांगली माणसं. चहा घेतला.
खड्डे कुठं घेऊ, म्हणाले.
त्यांना कसं सांगू, हे तुटलेलं जंगल नाही बाबांनो,
हा माळ आहे,
याला उन्हाची सवय आहे.
उघडं आणि उजाड :
कानाला जवळचे शब्द, मातीला फार लांबचे.
रोपं परत गेली. फलक विसरला,
त्याची मी कोंबड्यांना आडोसा केला.

गवतातलं मला तरी काय कळत होतं?
कळत होतं ठकूबाई कोळप्यांना,
ज्यांच्या मेंढ्या मी त्याच वर्षी अडवल्या,
आणि ज्यांनी मला पारावर चार माणसांत
"कागदाची मालकीण" म्हटलं.
आश्विनात त्याच आल्या,
पदराच्या गाठीत मूठभर बी.
हा पवन्या. ही मारवेल.
हा शेडा, याला दगडाची आड दे.
कुसळीवर रागावू नको,
ती आधी येते, मग बाकीच्यांना जागा धरते.
आणि तिसऱ्या सालापासून कापून नेईन मी,
बी झडल्यावर, विळ्यानं.
मेंढरू आत घालणार नाही.
स्टॅम्पपेपर नव्हता.
दोघींच्या मध्ये तंबाखूची चिमूट होती.

या माघात जाळपट्टा काढताना
खोकडाची विष्ठा सापडली, बोराच्या बिया असलेली.
कागदात बांधून घरी आणली.
सून म्हणाली, आई, फ्रीजमध्ये नाही हं.

चैत्रात भागवतनं मोजणी मागवली.
भूकरमापकानं यंत्र तीन पायांवर उभं केलं,
पट्टी धरली, पाच पावलं चालला
आणि सहावं पाऊल तसंच हवेत.
माळटिटवी त्याच्या डोक्यावरून ओरडत गेली.
मुरमात चार अंडी, मुरमासारखीच.

"दगड नेमका इथंच येतो ताई."
दीड हात आत घ्या, माझ्या बाजूला.
"तुमचंच कमी होईल."
होऊ द्या.

भागवत बांधावर उभा होता. काही बोलला नाही.
सकाळी त्याचा ट्रॅक्टर
नेहमीच्या वळणाआधीच वळला,
अंडी होती तेवढा तुकडा सोडून.

म्हणजे वाटणीत नको म्हणाला होता,
तो दीड हात पोटखराबा
अखेर त्यानं घेतला.