तीन टिंबं

खुनी कोण, ते मला दुसऱ्याच प्रकरणात कळतं.
त्यात कौतुक नाही.
तेहतीस वर्षं ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होते.
खोटं बोलणारा माणूस वाक्याच्या शेवटाला
किंचित लवकर पोचतो,
हे माझ्या बोटांना आधी समजायचं.

आमच्या कोलबाडच्या मजल्यावरचा ओजस शिकायला पुण्याला गेला
आणि खेळायचा डबा माझ्याकडे ठेवून गेला.
"काकू, चार्ज तेवढा करत जा."
चार्जच करायचा होता.
आता माझ्या नावावर एकशे दहा तास आहेत त्यात.

बंदुकांचे खेळ नकोत, अंगठे आखडतात.
मला थांबणारे खेळ लागतात.
मी चष्मा शोधेपर्यंत जो राक्षस
तलवार उगारून नुसता उभा राहतो,
तो सभ्य.

रहस्यखेळांबद्दल तक्रार अशी
की त्यांत उघडणाऱ्या प्रत्येक खणात काहीतरी निघतं.
पंचनामे टंकलेत मी, म्हणून सांगते.
फणी एक, दात तुटलेली.
एसटीचं तिकीट. रोख अकरा रुपये. अर्धं लिंबू.
त्या लिंबाचा कशाशीही संबंध लागला नाही,
निकालापर्यंत ते मुद्देमालात सुकत राहिलं.

आणि तो शेवट!
दीपगृहातले सगळे एका दालनात जमतात
आणि गुन्हेगार बारा चौकटी भरून सांगतो
का केलं, कसं केलं, लहानपणी काय झालं होतं.
मला हसू येतं.
आमच्याकडे लोक कोठडीत कबूल करायचे,
कोर्टात नाकारायचे,
मग जेवणाची सुट्टी व्हायची.

त्यापेक्षा ते विक्षिप्त खेळ खरे.
एकात मी मीटर वाचणारी बाई आहे.
शत्रू म्हणजे रुसलेली स्कूटर,
एक लग्नाळू बेडूक,
आणि गच्चीवरची पाण्याची टाकी, जी स्वतःला तलाव समजते.
(मी तलावांच्या गावातली,
तिला नाही म्हणणं जिवावर येतं.)
त्यांना मारता येतं. समजूतही काढता येते.
स्कूटरच्या समजुतीला दोन संध्याकाळी गेल्या
आणि मारून मिळालं असतं त्याच्या निम्मंच पदरात पडलं.
चालेल.
ओजस फोनवर म्हणतो, फार लांबण लावतो हा खेळ.
लावू दे, मला तारखा पडायची सवय आहे.

पण सांगायचं होतं ते टिंबांचं.
या खेळांत कुणी गप्प राहिलं
तरी पडद्यावर चौकट येते, अख्खी, नावासकट,
आणि आत तीन टिंबं.
बटण दाबल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.
गप्प बसणंही वाचावं लागतं.

एक्क्याण्णव साल. खारेगावच्या बारकूबाई,
साक्षीदार क्रमांक चार.
"त्या रात्री दारात कोण उभं होतं?"
पंखा फिरत होता.
तिने आधी मागच्या बाकावरच्या मुलाकडे पाहिलं,
मग माझ्या बोटांकडे,
जणू प्रश्न त्यांनीच विचारला होता.
किती वेळ, ते मी मोजलं नाही.
वकिलांनी घसा खाकरला.
साहेब म्हणाले, लिहा, साक्षीदार निरुत्तर.
लिहिलं. दोन शब्द.
टिंब होतं हो माझ्या यंत्रावर,
उजव्या करंगळीजवळ.
तीनदा दाबायचं, एवढंच.

काल रात्री टाकीने विचारलं, मी तलाव आहे ना?
पर्याय तीन होते. हो. नाही. आणि टिंबं.
खाली खोपटच्या डेपोत एसटी मागे घेताना
कुणीतरी शिट्टी वाजवत होतं,
येऊ दे, येऊ दे.
मी टिंबं निवडली.
तिनेही टिंबंच दिली.
मग माझी. मग तिची.
डब्याचा लाल दिवा लागला,
चार्जर आतल्या खोलीत होता,
आणि मला उठावंसं वाटेना.