टाच

लिथुआनिया, १९४९ आणि नंतर

मंगळवारी बाजार असायचा.
आईच्या काखेत बदक, माझ्या हातात अंड्यांची टोपली,
आणि चौकात, दगडी फरशीवर,
तीन माणसं निजवलेली.
निजवलेली म्हणजे टाकलेली.
बूट कुणीतरी काढून नेले होते.

समोर औषधांच्या दुकानात, पडद्याआड,
एक माणूस दिवसभर बसून असायचा.
मेलेल्यांकडे पाहायचं नाही,
पाहणाऱ्यांकडे पाहायचं, एवढीच त्याची नोकरी.
कुणाचा पाय अडखळला,
कुणाचा हात तोंडाकडे गेला,
कोण वळसा घालून गेलं,
कोण अगदीच सरळ गेलं.
वहीत नाव. मग पहाटे दाराशी ट्रक.

चेहऱ्यात ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.
मोजा मात्र धड होता.
राखाडी लोकर, टाच तपकिरी,
कारण त्या हिवाळ्यात राखाडी पुरली नाही
आणि आईनं माझी टोपी उसवली.
केवढी रडले होते मी टोपीसाठी.
ती इथे होती,
अल्फोन्सासच्या टाचेत.

आता रडले नाही.
आईकडे पाहिलंसुद्धा नाही.
हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

शिपायानं विचारलं, "ओळखता?"
आईनं बदक दुसऱ्या काखेत घेतलं,
बाजारात कापड पाहतात तसं वाकून पाहिलं,
"नाही," म्हणाली. "आमच्याकडचा नाही."
आणि त्यालाच विचारलं, दुकानात मीठ आलंय का.
आलं होतं. दोन किलो घेतलं.
बदकासाठी तर अशी घासाघीस केली
की घेणारी बाई वैतागली.

घरी येऊन तिनं खिडकीवर घोंगडी टांगली
आणि सगळ्यांना मोजे काढायला लावले,
बाबांना, मला, पाळण्यातल्या ब्रोन्येलासुद्धा.
एकाच गुंड्याची लोकर. एकाच हाताची टाच.
रात्रभर उसवत बसलो.
बाबा खोकत होते आणि गुंडाळत होते.
पहाटेआधी तपकिरी सगळी चुलीत गेली.
लोकर जळताना केसांसारखा वास येतो.

सरकार घरावर टाच आणतं म्हणतात.
आमच्याकडे आणायला टाच उरलीच नव्हती.
त्यानंतर आई मोजे विणायची ते बिनटाचेचे,
सरळ नळ्या.
चालताना पायात गोळा व्हायचे.

शाळेच्या फॉर्मवर: भाऊ किती? शून्य.
सूतगिरणीत: शून्य.
नवऱ्यालाही तेच सांगितलं, आणि तो त्याच समजुतीत गेला.
मी त्याला ओळख देऊ नये, ही आईची इच्छा.
मी त्याला नाकारावं, ही सरकारची.
दोघांची आज्ञा मी एकाच शब्दात पाळली.
तो तेवढा
तीन दिवस तिथे पडून होता,
नुसत्या मोज्यांवर.

मागच्या शरदात जुन्या दूधडेअरीमागे
नळासाठी खणताना हाडं लागली.
एक मुलगी आली, गाबिया नावाची,
बूट दारात काढून आत आली. फार सभ्य.
कागदावर रकाना होता: मृताशी नातं.
आणि मी, चौऱ्याऐंशी वर्षांची,
तिच्या खांद्यावरून समोरच्या खिडकीकडे पाहिलं,
पडदा हलतोय का.
"नाही," म्हणाले. "आमच्याकडचा नाही."
ती म्हणाली, "राहू दे आजी. तोंड उघडा फक्त."
कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली,
पंच्याहत्तर वर्षं नाही म्हणणाऱ्या तोंडातून,
आणि काचेच्या नळीत बूच लावून घेऊन गेली.

पत्र आलंय. मिठाच्या बरणीखाली ठेवलंय.
त्यात काय असणार ते मला ठाऊक आहे.
तिला विचारायचं राहिलं ते वेगळंच,
लोकर मातीत किती टिकते,
आणि रंग,
रंग कळतो का.