शेऱ्याचा रकाना

बेळगावहून वितरकाचा माणूस फोन करतो :
सातव्या भागाचं काय झालं हो कुडचड्यात?
मी म्हणतो, अकरा.
तो म्हणतो, टक्के?
मी म्हणतो, माणसं.

मालकाचा मेव्हणा, फुकट.
बाल्कनीतलं जोडपं, पडद्याकडे पाठ.
कॉलेजची चार पोरं, चार मोबाइल.
बस चुकलेला एक, पंख्याखाली घोरत.
एक बाप, त्याचा लहान मुलगा.
आणि कायतान.

रोजच्या हिशेबाच्या कागदावर शेवटी एक रकाना असतो, शेरा.
बावीस वर्षं मी त्यात लिहीत आलो :
पाऊस. परीक्षा. जत्रा. वीज गेली.
आज वीज होती.

पहिला भाग लागला तेव्हा
खनिजाचे ट्रक पार सावर्ड्यापर्यंत उभे,
ड्रायव्हर आत, क्लीनर आत,
खुर्च्यांचे हात तांबडे.
पडद्यावर तो ग्रह उगवला
आणि मागून कोणीतरी ओरडला, अरे ही तर आपली खाण!
थेटर हसलं.
मग तिथला एकटा माणूस
उरलेली हवा मोजायला बसला
आणि कोणी हसेना.
खोकलासुद्धा लोकांनी मध्यंतरापर्यंत धरून ठेवला.

म्हाबळू क्लीनरनं तेरा वेळा पाहिला तो.
शपथेवर सांगायचा, शूटिंग रात्री झालं,
तिसऱ्या बेंचवर, कंपनीनं सगळ्यांची तोंडं बंद केली.
मला माहीत होतं खोटं आहे.
तरी घरी जाऊन बायकोला तेच सांगितलं.

तिसऱ्या भागात मेलेला कप्तान परत आला, शिट्ट्या पडल्या.
चौथ्यात पुन्हा मेला.
पाचव्यात त्याचा जुळा निघाला.
सहाव्यात त्यांनी काळच उलटा फिरवला,
झालेलं काही झालंच नाही म्हणाले,
तेव्हा चणेवाली फेर्मिना खिडकीवर आली :
मग माझे तिकिटाचे पैसे पण परत कर.

आज मध्यंतरात कायतान बाहेर आला,
सुट्टीवरचा तारवटी, परवा पुन्हा बोटीवर.
सिगारेट न पेटवताच म्हणाला,
ह्या तारवार कांदो कोण चिरता?
मी बघत राहिलो.
म्हणाला, पहिल्यात एक कुक होता, आठवतो?
घरी परतल्यावर त्याला खाटेवर झोप लागेना,
खाट हलत नाही म्हणून.
आईला मुद्दाम आणलं होतं मी तेवढं बघायला.
मला सांगता येत नव्हतं ना.
आता सगळे विश्व वाचवायला निघालेत,
भांडी घासायला बोटीवर कोणीच नाही.
आणि पुढचं न बघता पुलाच्या बाजूनं चालत गेला.
म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात दहाच.

खाणी बंद पडल्या तेव्हापासून
म्हाबळू पणजीला कसिनोच्या दारावर असतो, कोट घालून.
संध्याकाळी त्याचाही फोन :
सातवा लागला म्हणे? ह्या वेळी ग्रह कसला?
निळा, मी सांगितलं. काचेसारखा.
सगळा कॉम्प्युटरवर केलेला.
पलीकडे बराच वेळ नुसती बँडची धून.
मग, आणि माती?
मी म्हटलं, माती नाही रे.

शेऱ्यात लिहिलं : माती नाही.
खोडलं. बेळगावला काय कळणार.
लिहिलं : आठवा पाठवू नये.
तेही खोडलं,
आठवा येणार असेल तर निदान तोवर
हे दार उघडं राहील.

आणि तो मुलगा.
त्यानं आधीचं काहीच पाहिलेलं नाही.
कप्तान सातव्यांदा मेला तेव्हा खुर्चीखाली शिरला,
दिवे लागले तरी निघेना.
बाप म्हणाला, अरे तो परत येतो,
पोरगं तिथूनच : तुला कोणी सांगितलं?

त्याचं काय लिहायचं ह्या एवढ्याशा रकान्यात?
पेनातली शाई संपत आली होती.
लिहिलं : पाऊस.
फेब्रुवारी चालू आहे.