उजवी

देस्ना म्हणजे उजवी.
पण नकाशा उघडा, द्नीप्रोला ती मिळते डाव्या अंगाने.
उस्तिना पनासिव्ना शाळेच्या पोरांना सांगायची:
नाव ठेवणारे प्रवाहाच्या उलट चढत आले असतील,
त्यांच्या उजव्या हाताला लागली असेल ती.
येणारा कुठून आला, यावर असतं सगळं.
पोरं जांभया द्यायची.

आता पोरं नाहीत. वीज नाही.
संग्रहालयाच्या तळघरात, कपाळाला दिवा बांधून
ती अंड्यांच्या पुठ्ठ्यांत भरतेय दहा शतकं,
एका खळग्यात मणी, एकात बाणाचं टोक,
एकात मासे धरायचा गळ.
शेजारचा तिमिश सुतळी कापून देतो.
मग ती चकती येते हातात.

टकळीची चकती. ओव्रुचचा गुलाबी दगड,
मधोमध भोक, कडेला टोकदार कशाने तरी
कोरलेलं अर्धं नाव:
दोम—
पुढची अक्षरं कपचीसकट गेलेली.

चौऱ्याहत्तर साली बटाटे काढताना
एकाच सरीत दोघांना दिसली ती,
तिला आणि मावसभावाला, अर्कादीला.
मी आधी पाहिली, तो म्हणाला.
शेत आमचं आहे, ही म्हणाली.
आईने दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला,
चकती पदराला पुसली आणि मास्तरांकडे देऊन आली.

तिच्याखाली चिठ्ठ्या, एकीवर एक, खळीने डकवलेल्या.
स्टोव्हवरच्या किटलीची वाफ देऊन उस्तिना सोडवते.
त्र्याण्णवची, तिच्याच हातची:
कीव्हचं रूस राज्य. युक्रेनची भूमी.
शाई जरा जास्तच दाबून लिहिलेली.
खाली चौऱ्याहत्तरची, टाइप केलेली, परक्या नसलेल्या परक्या भाषेत:
बंधुराष्ट्रांच्या सामायिक पाळण्यातून.
पाळणा.
दोरी कुणाच्या हातात, ते टाइप केलेलं नाही.

अर्कादी ब्र्यान्स्कला असतो, याच नदीवर, वरच्या अंगाला.
पहिल्या मार्चात त्याचा फोन आला.
उस्त्या, आपण एकच गं. रूस एकच होतं.
आणि ती दोम्ना होती, आमच्याकडचं नाव.
दोमाखा, ही म्हणाली. इथली.
मग सुरू झाली टकळी:
नदीत आधी बाप्तिस्मा कुणाचा झाला,
कझाकांनी घेतली ती शपथ होती की नुसता करार,
भाषेला बोली कुणी म्हटलं,
कोठारातलं शेवटचं धान्य कुणी, कुणाच्या हुकमाने नेलं
(इथे तो गप्प झाला, मग म्हणाला, उपास सगळ्यांनाच पडले).
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात,
हा सुतावरून सरहद्द गाठत होता.

अर्काश, ती म्हणाली, माझ्या खिडकीला काच उरलेली नाही.
तुमचेच फोडताहेत, तो म्हणाला. आम्ही दाखवतो ना टीव्हीवर.

त्यानंतर फोन नाही.
वाद दोघांचा होता, पन्नास वर्षांचा, गोडही होता कधी.
तोफगोळा मात्र एकाच अंगाने येतो,
वरच्या.

कोण होती ही? तिमिश विचारतो.
भोकातून सुतळी ओवून त्याने चकती फिरवलीय,
फिरताना नाव दिसत नाही, नुसती गुलाबी भिंगरी.
ठेव खाली, ती ओरडते. मग, हळू:
लोकर कातायची. चकती हरवू नये म्हणून नाव घातलं.
शेजारीण ढापत असेल.

कुठेतरी दूर काहीतरी पडतं. किटलीचं झाकण थरथरतं.

नव्या चिठ्ठीवर ती लिहिते:
टकळीची चकती. नाव अपूर्ण. सूत शिल्लक नाही.
पेन्सिल थांबते. रूस की युक्रेन, शतक कितवं,
मागच्या दोन्ही चिठ्ठ्या वाफेने गोळा होऊन पडल्यात.
मग एकच ओळ, सावकाश:
सापडली इथे.
आणि 'इथे'खाली रेघ.

पुठ्ठ्यात आता खळगा उरलेला नाही.
ती चकती कोटाच्या खिशात टाकते,
उजव्या,
जिथे संपलेल्या बॅटऱ्या आहेत आणि घराची किल्ली.